मंत्र्याचा पेला

कपिलाबेननी फडक्याची चारी टोकं एकत्र धरली आणि पीळ घातला. पातेल्यात पांढरी धार पडू लागली. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, मागच्या दाराला कडी होती, आणि मिक्सरचा आवाज शेजारच्या मधुबेनच्या कानावर जाऊ नये म्हणून रेडिओवर भजन मोठ्यानं लावलं होतं. गेले वीस दिवस या घरात पहाटे इतकी भक्ती चालली होती की मधुबेननं एकदा विचारलंही होतं, कुठला नवस बोललात म्हणून.

"झालं का?" रावजीभाई दारात येऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला मंडळीचं, म्हणजे गावच्या दूध सोसायटीचं, पेन.

"घाई असेल तर या, तुम्ही पिळा."

"पावणेसहा झाले. रांग लागली असेल."

"लागू दे. कच्चं प्यायलात तर पुन्हा पोट धरून बसाल. याला चांगल्या उकळ्या लागतात."

त्या पातेलं गॅसवर ठेवून ढवळत राहिल्या. भिजवलेल्या सोयाबीनचा कच्चट वास घरभर पसरला आणि रावजीभाईंनी नाक मुरडलं. नाक हीच त्या माणसाची कमाई होती. गुजरातेत चरोतर भागात दूध मंडळीच्या चिटणिसाला मंत्री म्हणतात, आणि रावजीभाई तेवीस वर्षं मंत्री होते. गांधीनगरच्या मंत्र्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं. या मंत्र्याला म्हशीसुद्धा ओळखायच्या. किटलीचं झाकण उघडून नाक खाली नेलं की ते सांगत, दूध आत्ताचं की रात्रीचं, किटली घासली की नुसती विसळली. यंत्रं नंतर आली. गाव आधी त्या नाकावर चालत होतं.

नाकाच्याही आधी पेला होता. रावजीभाईंचे वडील अंबालाल हे मंडळीचे पहिले मंत्री. पहिली किटली घेण्याआधी ते घरून आणलेलं आपल्या म्हशीचं दूध पेलाभर, सगळ्या रांगेसमोर, उभ्यानं पीत. "जे पोटात घालतो तेच मंडळीत भरतो," असं म्हणत. ते गेले आणि पेला मुलाकडे आला, वाक्यासकट. स्टीलच्या त्या पेल्यावर अंबालालचं नाव कोरलेलं होतं. तापात, पावसापाण्यात, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा रावजीभाईंनी नेम चुकवला नव्हता.

चुकवला तो पोटानं. वर्षभर पोट फुगायचं, गुरगुरायचं, आणि भरल्या रांगेतून मंत्र्याला उठून घराकडे पळावं लागायचं. नडियादच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, "काका, दुधातली साखर तुम्हाला पचत नाही. वयानं बऱ्याच जणांचं होतं तसं. दूध बंद करा. ताक थोडं घेऊन बघा, सोसलं तर सोसलं. नाहीतर सोयाचं दूध घ्या, बदामाचं घ्या."

"बदामाला आचळं कुठं असतात, डॉक्टर?" रावजीभाई म्हणाले होते. डॉक्टर हसले. कपिलाबेन हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

आधी बदामाचं झालं. बडोद्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं खोकी आणून दिली. चव अशी, की पाण्याला लांबून बदाम दाखवलेत. शिवाय डॉक्टर म्हणाले, त्यात अंगाला लागण्यासारखं फारसं नाही, सोयाचं बरं. आणि रिकामी खोकी टाकायची कुठं? त्या गावात कचरासुद्धा वाचला जातो. मग सोयाबीन ठरलं. गोठ्याच्या खाद्याबरोबर एक पिशवी आली तर कोण विचारणार? चोथा म्हशीच्या आंबोणात जायचा आणि दूध अंबालालच्या पेल्यात.

"सांगून का टाकत नाही?" कपिलाबेननी एकदा विचारलं होतं. "पोट बिघडलंय म्हणावं. चोरी केलीय का?"

"दूध मंडळीच्या मंत्र्याला दूध सोसत नाही, हे सांगू? इतकी वर्षं ज्यांच्या किटल्या परत केल्या, ते काय म्हणतील?"

पहिल्या दिवशी नुसतं पोटाचं सांगून भागलं असतं. आता वीस दिवसांचं खोटंही सांगावं लागणार होतं, आणि उद्या एकवीस दिवसांचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. रावजीभाईंना रात्री झोप लागायची नाही, आणि पोट तर आता अगदी बरं होतं.

मंडळीच्या ओट्यावर रांग लागलेली होती. सर्वांत पुढे नेहमीप्रमाणे जीवी ठाकोर. नऊ वर्षांपूर्वी रावजीभाईंनी तिच्या दुधात पाणी आहे म्हणून अख्खी किटली सगळ्यांदेखत गटारात ओतली होती. ती रेडकाची शपथ घेऊन ओरडत राहिली होती. आठ दिवसांनी गुरांचे डॉक्टर सहज बोलले, जीवीच्या म्हशीची कास सुजलीय, दूध पार पातळ झालंय. रावजीभाईंनी ते ऐकलं आणि कुणालाच सांगितलं नाही, जीवीला तर नाहीच. त्या दिवसापासून जीवी रोज सर्वांच्या आधी येऊन उभी राहायची, किटली सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवून.

आज ओट्यावर तालुक्याच्या दूध शीतकेंद्राचे पार्थिवभाई एक नवं यंत्र मांडून बसले होते.

"हे नुसतं फॅट सांगत नाही," ते रांगेला सांगत होते. "दुधात काय मिसळलंय तेही सांगतं. भेसळ असली की लाल दिवा."

रावजीभाईंनी पेला वर केला, वडिलांचं वाक्य पुटपुटले आणि दोन घोट घेतले.

"आता पहिला नमुना असा पाहिजे, की ज्याच्याबद्दल कुणाला शंका नको," पार्थिवभाई म्हणाले.

"मग मंत्र्याच्या पेल्यातलंच घ्या की!" रांगेतून धुळाभाई ओरडला. "तालुक्यात त्याहून शुद्ध मिळालं तर मिशी उतरवीन!"

लोक हसले. कुणी टाळ्या वाजवल्या. पार्थिवभाईंनी हात पुढे केला.

"उष्टं आहे," रावजीभाई म्हणाले.

"यंत्राला कसलं उष्टंखरकटं, काका? आणा."

पेला हातातून पडू द्यावा असं त्यांच्या मनात आलं. पण बोटं सुटेनात. तेवीस वर्षांत त्या हातून पेल्यातला थेंब सांडला नव्हता, आणि आज मुद्दाम सांडायला हात तयार होत नव्हता. मागे भिंत होती, पुढे रांग.

"मंत्री, मला गरगरतंय," जीवी म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. "कालचा उपास आहे. घोटभर द्या."

ती द्यायची वाट बघत बसलीच नाही. पेला तिनं त्यांच्या हातातून ओढून घेतला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत पिऊन टाकला. गावात ठाकोरांना खालचे मानत; रावजीभाईंसारख्या पटेलांच्या पेल्याला ठाकोरांच्या बाईनं तोंड लावलेलं त्या ओट्यावर कुणी पाहिलं नव्हतं. जीवीनं ओढणीनं ओठ पुसले आणि रावजीभाईंकडे वर बघितलं.

"पहिल्या नंबरचं," ती म्हणाली. "उष्टा पेला कसा देऊ? घासून आणते."

मग पार्थिवभाईंनी धुळाभाईचंच दूध यंत्राला लावलं. फॅट त्याच्या बढाईपेक्षा बरंच कमी निघालं आणि सगळं हसणं त्याच्याकडे वळलं. रावजीभाई किटल्या घेत राहिले. झाकणं उघडत होते, पण तासभर त्यांना कसलाही वास आला नाही.

दुपारी ते घरात झोपाळ्यावर बसले होते. मागच्या दारी जीवीचा आवाज आला, तसा त्यांनी पाय टेकून झोपाळा थांबवला, कड्या करकरू नयेत म्हणून.

"कपिलाबेन, पेला."

पेला हातात घेताना आत काहीतरी खुळखुळलं. कपिलाबेननी वाकून बघितलं. पाच-सहा वेलच्या होत्या.

"हे कशाला गं?"

"रिकामं भांडं परत करू? तसं आमच्यात नाही करत." जीवीनं पेल्याकडे बोट दाखवलं. "मंत्र्यांना सांगा, कच्चा वास मारतो. दोन वेलच्या कुटून घालत जा."

कपिलाबेननी पेला पदराखाली घेतला. "तुला कसं कळलं?"

"तुमच्या गोठ्यातलं शेण कोण काढतं? वीस दिवस झाले, आंबोणात चोथा बघतेय. मला वाटलं, म्हशीचे लाड चाललेत. आज मंत्री पेला सोडेनात तेव्हा शंका आली, आणि प्यायले तेव्हा कळलं, लाड कुणाचे ते."

"कुणाला बोललीस?"

"माझं ऐकतं कोण, कपिलाबेन? नऊ वर्षांपूर्वी घसा फोडून ओरडले होते, तेव्हा कुणी ऐकलं?"

हे ती चिडून म्हणाली असती तर रावजीभाईंना बरं वाटलं असतं. ती अगदी साधेपणानं म्हणाली, झाडू उचलला आणि गोठ्याकडे गेली.

"बाई सोन्यासारखी आहे," कपिलाबेन आत येऊन म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तशीच राहू द्या."

"मूठ आता तिच्या हातात आहे," रावजीभाई म्हणाले. त्यांनी झोपाळ्याला पुन्हा झोका दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भजन लागलं, मिक्सर फिरला, आणि कपिलाबेननी उकळीत दोन वेलच्या कुटून घातल्या. ओट्यावर रावजीभाईंनी दोन घोट घेतले आणि एकवीस दिवसांत पहिल्यांदा त्यांना ते चांगलं लागलं. ते चांगलं लागल्याचंच त्यांना वाईट वाटलं. यंत्र आठवडाभर इथेच राहणार होतं. पार्थिवभाई त्याची आकड्यांची पट्टी पुसत होते. पहिली किटली जीवीची.

रावजीभाईंनी झाकण उघडलं आणि नाक खाली नेलं. आंबूस वास होता. अगदी थोडा, दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. झाकणाचं रबर नीट धुतलेलं नव्हतं. पण तेवढं आंबूस दूध मोठ्या टाकीत गेलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या गावाचं दूध फुटलं असतं.

त्यांनी मान वर केली. जीवी समोर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ना मागणं, ना धाक. घेतलं, तर तेवीस वर्षांचं नाक एका उपकारापायी विकलं. परत केलं, तर वेलचीचा वास मारणारा पेला बाजूला ठेवून तिला तोंडावर सांगायचं की तुझं दूध चोख नाही. आणि हे दुसऱ्यांदा.

"काय मंत्री, नाक किटलीत अडकलं काय?" मागून धुळाभाई म्हणाला.

रावजीभाईंनी किटलीचं झाकण लावलं. मग आपला पेला उचलला, नमुन्याच्या कपात अर्धा ओतला आणि तो कप आपल्या हातानं यंत्राला लावला.

"काका, याची काय गरज?" पार्थिवभाई म्हणाले, पण यंत्र घरघरायला लागलं होतं. पट्टीवर आकडा आला. त्याच्याखाली लाल दिवा लागला.

"एक पॉइंट आठ," पुढच्या कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि लगेच जीभ चावली.

लांब कुणाच्यातरी गोठ्यातली म्हैस ओरडली.

"आधी माझं नापास," रावजीभाई म्हणाले. "सोयाचं आहे. एकवीस दिवस सोयाचंच पितोय. मला दूध सोसत नाही." त्यांनी पेला यंत्राशेजारी ठेवला. "आणि नऊ वर्षांपूर्वी जीवीबेनच्या दुधात पाणी नव्हतं. म्हैस आजारी होती. मला आठ दिवसांनी कळलं होतं. मी बोललो नाही."

धुळाभाईनं उगाच आपल्या किटलीची कडी सरळ केली.

रावजीभाईंनी जीवीची किटली दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"आता हे. आजचं आंबूस आहे, जीवीबेन. झाकणाचं रबर उकळत्या पाण्यात धुवा. दूध टाकू नका, घरी दही लावा."

जीवीनं किटली घेतली, झाकण उघडलं आणि स्वतः नाक खाली नेलं. बराच वेळ ती वास घेत राहिली.

"आहे खरं," ती म्हणाली.

मग किटली काखेला लावून ती पुढे वाकली आणि यंत्राशेजारी ठेवलेल्या अर्ध्या पेल्याचाही वास घेतला.

"वेलची जास्त झाली," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून घराकडे चालू लागली.