खाली ठेवलेला कप

रुला हद्दादीन सोसायटीच्या दारात उभी राहिली, तेव्हाच मुतलकने ओळखलं की ही बाई आपली अध्यक्षाची खुर्ची घ्यायला आलीय. तिला सल्लागार म्हणून अम्मानहून बोलावण्याची टूम त्याच्या मेहुण्याची, धियाबची. आणि धियाब उगाच कुणाचं भलं करणाऱ्यातला नव्हता.

करकच्या या सोसायटीत मेंढपाळ दूध घालत, त्याच्या दह्याचे वाळवलेले गोळे, म्हणजे जमीद, मुलूखभर जात. मुतलकने हा पसारा शून्यातून उभा केला होता. पण गेल्या वसंतात दूध आटलं. मेंढ्या आटल्या नव्हत्या हो. मेंढपाळच आपलं दूध परस्पर एका व्यापाऱ्याला देऊ लागले, तेही कमी भावाने. ना भांडण, ना तक्रार. ऑफिसात बोलावून विचारलं तर म्हणायचे, अल्लाच्या कृपेने सगळं ठीक आहे, अबू सख्र. (थोरल्या मुलावरून मुतलकला सगळे अशीच हाक मारत.) आणि उठून जायचे. हाही वसंत कोरडा गेला तर सोसायटीला टाळं लागणार होतं.

सल्लागार ही काय चीज असते ते मुतलकला ठाऊक होतं. मागे एक कडक इस्त्रीचे गृहस्थ येऊन सांगून गेले की इथे जो येतो तो कॉफी पीत बसतो, म्हणून कामं तुंबतात. मग ऑफिसातली शेगडी गेली, पितळी किटली गेली आणि कोपऱ्यात कागदी कपात कॉफी ओतणारं यंत्र आलं. बाकी सल्ले वाया गेले, पण ते यंत्र मुतलकला फार आवडलं. आल्यागेल्याला तो ते कौतुकाने दाखवायचा.

रुलाने तर सल्लाही दिला नाही. ती धियाबच्या गाडीतून मेंढपाळांच्या या तंबूतून त्या तंबूत फिरत राहिली. मुतलकने तिच्या मागावर माणूस लावला. त्याने येऊन सांगितलं, काही करत नाही, नुसती बसते, कॉफी पिते, ऐकते. हे ऐकून तर मुतलकची झोपच उडाली. नुसतं ऐकणारं माणूस काय काय गोळा करत असेल, कुणी सांगावं?

एका संध्याकाळी ती त्याच्या घरी आली. त्याने रिवाजाप्रमाणे बिनकानाच्या छोट्या कपात वेलदोड्याची कॉफी ओतून दिली. तिने कप घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

याचा अर्थ करकमध्ये कुणालाही सांगावा लागत नाही. पाहुण्याचं काही मागणं आहे; यजमान हो म्हणेपर्यंत तो कॉफीला तोंड लावणार नाही. आणि मानी यजमान मागणं ऐकायच्या आधीच म्हणतो, प्या, दिलं. दिलं म्हणावं आणि हिने राजीनामा मागितला तर?

"आधी मागणं सांगा," तो म्हणाला. असं तो जन्मात कुणाला म्हणाला नव्हता. त्याचा त्यालाच राग आला.

रुला रागावली नाही. तिने विचारलं, "ऑफिसात तुमच्यासमोर असा कप शेवटचा कुणी ठेवला, अबू सख्र?"

"तिथे कसा ठेवतील? तिथे तर यंत्रातली कॉफी, कागदी कपातली."

"हज्जी शिब्लीने ठेवला होता. कागदी कप, भरलेला, तुमच्या टेबलावर. तुम्ही त्याला म्हणालात, कचऱ्याची टोपली दाराशी आहे."

मुतलकला आठवलं. म्हाताऱ्याने निमूटपणे कप उचलला होता आणि टोपलीत टाकून निघून गेला होता. त्यानंतर त्याचं दूध बंद झालं, आणि पाठोपाठ त्याच्या सगळ्या भाऊबंदांचं. लाजेने मुतलकचे कान तापले.

"काय मागायचं होतं त्याला?"

"मला कशाला सांगेल? मी कोण? ते त्याने तुमच्यासाठी ठेवलंय. माझं मागणं एवढंच, उद्या त्याच्याकडे चला. बोलायचं तुम्ही. मी गाडीत बसेन."

"आणि धियाबला काय सांगणार?" संशय इतक्या सहजी कुठला जायला.

"हेच. त्याला खुर्ची हवीय, हे त्याने माझ्यापासून लपवलेलं नाही. मी म्हटलं, दूध नसलेल्या सोसायटीची खुर्ची घेऊन घरी जेवायला बसशील का?"

मुतलकला हसू आलं. "प्या," तो म्हणाला, "दिलं." कॉफी पार निवली होती. तिने ती तशीच संपवली.

दुसऱ्या दिवशी शिब्लीने त्याला तंबूत बसवलं, कारण दारी आलेल्याला बसवावंच लागतं. कॉफी ओतली. मुतलकने कप जमिनीवर ठेवला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं, कपाकडे बघितलं. प्या असं काही तो म्हणाला नाही. त्याने स्वतःसाठी ओतलेला कप सावकाश मुतलकच्या कपाशेजारी नेऊन ठेवला.

यजमानाने स्वतःच्याच तंबूत, पाहुण्याकडे मागणं म्हणून, कप ठेवलेला मुतलकने कधी पाहिला नव्हता. म्हातारा काहीही मागू शकत होता. भाव मागेल, माफी मागेल, खुर्चीही मागेल. बाहेर गाडीत ती बाई बसली होती, तिला विचारायची सोय नव्हती.

"प्या, हज्जी," मुतलक म्हणाला. "दिलं."

"काय ते विचारलं नाहीस."

"नाही विचारलं. आधी प्या."