मोडत्याचे पत्ते

“पास,” किमया म्हणाली. लागोपाठ चौथ्यांदा.

हातातले पाचही पत्ते तिने उताणे टाकले. त्यांतले चार रद्दीचे होते, आणि ते जयसिंगनेच तिच्या गड्डीत घातलेले. पाळी आल्यावर त्याने आणखी एक मोडत्याचा, म्हणजे समोरच्याच्या गड्डीत रद्दी घालणारा, पत्ता खेळला. “हां, टाक यक रद्दी अजून,” तो म्हणाला. हसू दाबायचं त्याला जमलं नाही.

जयसिंग हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवायचा. जांबे गावातल्या घरात तो एकटाच असे. मागच्या खोल्या भाड्याने दिल्या होत्या. बायको गौतमी आठ वर्षांपूर्वी लेकीला घेऊन पुण्याला गेली, ती गेलीच. किमया आता सतरा वर्षांची होती. एकाआड एक रविवारी यायची. बापलेकींना बोलायला फारसं काही सुचायचं नाही, म्हणून तीच हा खेळ घेऊन आली होती. सुरुवातीला दोघांकडे सारखेच दहा पत्ते. मग मधे मांडलेल्यांतून एकेक विकत घेत आपली गड्डी वाढवायची. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो जिंकला. वर्षभर जयसिंग नुसता हरत होता. मागच्या खेपेला ती कंटाळून म्हणाली, “पप्पा, तुम्ही खेळता की माझं मन राखता?”

ते त्याला लागलं. भाडेकरू शेखर मूळचा नांदेडचा, कॉम्प्युटरवर काम करणारा. हा खेळ त्याला चांगला येत होता. पंधरा दिवस चहाला बोलावून जयसिंगने त्याच्याकडून धडे घेतले.

“मोडत्याचे पत्ते आधीच उचला, जयसिंगभाऊ,” शेखर म्हणाला. “समोरच्याची गड्डी लहान असते, तेव्हा एक रद्दीसुद्धा जड जाते. आपली गड्डी आटोपशीर ठेवायची. पण मोडते दोनच घ्या, फार तर तीन.”

“आन आठच्या आठ घेतलं तर?”

“तर जिंकाल. पण समोरचा परत बसणार नाही तुमच्यासोबत.”

जयसिंगने आठच्या आठ घेतले.

डाव संपला तेव्हा त्याचे एकतीस गुण झाले होते, किमयाचे चार. “जिंकलो का न्हाई?” तो मांडीवर थाप मारत म्हणाला.

किमया पत्ते गोळा करू लागली. “हरल्याचं काही वाटत नाही, पप्पा. पण पाऊण तास मी नुसती बसून होते. तुम्ही मला खेळूच दिलं नाहीत.” पत्त्यांच्या कडा जुळवत ती हळूच म्हणाली, “आईला इथे कसं वाटलं असेल, ते आज कळलं.”

 गौतमीवर जयसिंगने कधी हात उगारला नव्हता, तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. तो म्हणाला, पुढल्या वर्षी बघू. शिवणाचं दुकान टाकते म्हणाली, तर म्हणाला, गाळ्याचं बघतो. कधी त्याच्या आईचं दुखणं, कधी घराचं बांधकाम, दर वेळी काही ना काही निघायचंच. ‘म्या तिला कशालाच न्हाई म्हनलं न्हवतं,’ असं तो आठ वर्षं गावाला सांगत आला होता. ते खरंच होतं. आज मात्र त्या खरेपणाचा त्याला आधार वाटेना.

खोक्याचं झाकण लागायच्या आत त्याने हात घातला. मोडत्याचे सहा पत्ते वेचून खिडकीत ठेवले, दोन राहू दिले. “यक डाव अजून खेळ,” तो म्हणाला. “यकच.”

तिने घड्याळ पाहिलं. मग पत्ते पिसायला घेतले.

या डावात दोघांनी एकेक मोडता घेतला. किमया कशी खेळते, हे जयसिंगने पहिल्यांदाच धड पाहिलं. एका पत्त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा काढत ती एका पाळीत सहा-सहा पत्ते खेळायची, वर प्रत्येकाचं समजावूनही सांगायची. एकदा त्याने तिला नेमकं अडवलं. “आत्ताच? आत्ताच टाकायचा होता का?” ती ओरडली आणि खळखळून हसली. शेवटी तिनेही त्याला तसंच अडवलं. तो दोन गुणांनी हरला.

मग तिने सॅकमधून प्लॅस्टिकची फाइल काढली. “पप्पा, सकाळीच दाखवणार होते. गुवाहाटीला माझी अॅडमिशन झालीये. डिझाइन, चार वर्षं. हॉस्टेलच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. आईने केलीये.”

“गुवाहाटी म्हंजी कुटं आलं?”

“आसाम.”

“तितं आपलं कोन हाय का? आन पुन्यात कालेजं—”

तो थांबला. तिथली हवा, तिथली भाषा, एकटी पोर, पुढल्या वर्षी बघू, सगळं तोंडाशी येऊन ठेपलं होतं. किमया फॉर्मकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. हसू तिच्या चेहऱ्यावरून गेलेलं होतं.

“पेन दे,” तो म्हणाला.

गौतमीच्या सहीशेजारच्या चौकटीत त्याने पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मग तो उठला आणि कागद दोन्ही हातांनी पंख्याखाली धरून उभा राहिला. कागद फडफडत होता.

“पप्पा,” किमया हळूच म्हणाली, “बॉलपेन आहे ते. वाळायचं काही नसतं.”

“व्हय,” जयसिंग म्हणाला. आणखी थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, आणि मग त्याने कागद तिच्या हातात दिला.