पेपरमिंट, नेहमीप्रमाणे

चिंतामण मास्तर गेले तेव्हा अमडापूरच्या घरात माळ्यावर चार किलो साबण मुरत पडला होता. त्यात फक्त पेपरमिंट घालायचं राहिलं होतं.

साबण डोक्याचा. गावात त्याला मास्तरची वडी म्हणत. अळी लागू नये म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीला ज्या वर्षी गुलाबी अळी लागली, त्या वर्षी ही वडी सुरू झाली. किडकी बोंडं वेचून आलेल्या बाया मान आणि डोकं खाजवत बसायच्या. कोणी उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली, कोणी नांगर फिरवला, पण ज्यांनी यातलं काही केलं नाही त्यांच्या शेतात वेचायला कोणीतरी जायला हवंच होतं. मास्तर बत्तीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाले होते. खाज कशामुळे येते याला आपल्याकडे पुरावा नाही, पण खाज आहे याला चौदा बायांचा पुरावा आहे, असं म्हणून त्यांनी सरकीचं तेल आणि खोबरेल एकत्र करून साबण घातला. त्यात पानवाल्यांकडचे पेपरमिंटचे खडे विरघळवले. ती वडी लावली की डोक्यात मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मग टाळू गार पडायची आणि खाज निदान जेवण होईपर्यंत विसरली जायची. तेव्हापासून दर साली वेचणीच्या आधी चाळीस वड्या जनकाबाईंकडे पोचत. वेचणाऱ्या बायांची टोळी जनकाबाईंची होती.

शैलजा ही मास्तरांची एकुलती मुलगी. चिखलीच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास होता. तिसऱ्या दिवशी जनकाबाई भेटायला आल्या, भिंतीला टेकून अर्धा तास बसल्या आणि जाताना एकदाच माळ्याकडे बघितलं. वडीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर शैलजानं वही काढली.

वहीत सगळं होतं. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती, त्या दिवशी हवा कशी होती. साबण महिनाभर मुरू द्यावा, मग किसून पातेल्यात घ्यावा, ते पातेलं उकळत्या पाण्यात ठेवून वितळवावा, पेपरमिंट घालावं, साच्यात ओतावं. लावताना डोळ्यांत पाणी येते, हरकत नाही. आणि पेपरमिंटच्या पुढे प्रमाणाच्या रकान्यात, सलग सगळ्या वर्षी, एकच शब्द होता: नेहमीप्रमाणे.

शैलजानं ते पान दोनदा वाचलं. उत्तरात 'योग्य प्रमाणात' असं लिहिणाऱ्या मुलाचे मास्तर पूर्ण मार्क कापत. योग्य म्हणजे किती हे माहीत असतं तर तू लिहिलं असतंस, असं म्हणत. तिचेही कापले होते, सातवीत.

चिखलीला अकीलभाईंच्या पानसामानाच्या दुकानात तिनं चौकशी केली. सर खडे घेऊन जायचे, पण त्यातले थोडे घरात मुंग्यांसाठी आणि थोडे शेजाऱ्यांच्या डोकेदुखीसाठी जायचे, तेव्हा हिशेब लागणार नाही, असं अकीलभाई म्हणाले. त्यांनी पुडी बांधली आणि सरांकडे आपण दोन वर्षं नववीत होतो हेही सांगितलं.

वेचणी पंधरा दिवसांवर होती. अंदाजानं खडे टाकून चाळीस वड्या करणं अवघड नव्हतं. पण मास्तरांनी आयुष्यात अर्धवट सोडलेली ही एवढी एकच गोष्ट होती. ती त्यांनी केली असती तशीच व्हायला हवी, यापलीकडे शैलजाला त्या दिवसांत फारसं काही सुचत नव्हतं.

मास्तर वडी कशी तपासत ते तिला ठाऊक होतं. चौतिसाव्या वर्षीच त्यांना टक्कल पडलं होतं आणि त्याचा त्यांनी उपयोग केला होता. न्हाणीघरात फेस डोक्यावर घ्यायचा आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. त्रिकाच्या आत झणझणलं तर पेपरमिंट जास्त. दाहेपर्यंत काही झालं नाही तर कमी. 'एकोणतीस सत्ते दोनशे तीन'ला सुरू व्हायला पाहिजे. दाराबाहेर उभं राहून तिनं तो पाढा इतक्यांदा ऐकला होता की त्यामुळेच तो तिला पाठ होता.

तेव्हा हवं होतं ते एक टक्कल.

ते दहाव्या दिवशी मिळालं. मास्तरांना मुलगा नव्हता. अग्नी पुतण्यानं, पुण्याहून आलेल्या चिन्मयनं दिला होता, आणि रिवाजाप्रमाणे दहाव्याला त्याचं डोकं वस्तऱ्यानं तुळतुळीत केलं. सुतकात साबण वर्ज्य होता, तोही त्या दिवशी संपला. चौदाव्याला चिन्मय परत जाणार होता. म्हणजे डोकं चार दिवस उपलब्ध होतं, आणि त्यातही केस वाढणार होते.

चिन्मयला तिनं सगळं समजावून सांगितलं. तो नाही म्हणाला नाही. काकांनी त्याला मे महिन्याच्या सुट्टीत पाढे शिकवले होते.

मास्तरांच्या छोट्या काट्यावर खडे तोलून तिनं साबणाचे तीन गोळे केले. किलोला पंधरा ग्रॅम, दहा ग्रॅम आणि पाच ग्रॅम. पंधराच्या गोळ्याला चिन्मय 'एके' म्हणाला आणि खाली बसला. दहाला दुण्यापर्यंत पोचला. पाचाला त्रिकापर्यंत.

"ताई, काका हे रोज लावायचे?"

"वर्षातून एकदा. बोलू नकोस, पाढा चुकेल."

अकराव्याला गुलाबराव आले. ते मास्तरांच्याच शाळेत शिकवत. ओसरीवर चिन्मय लाल डोळ्यांनी बसला होता आणि पाणी थांबत नव्हतं. गुलाबराव त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसले. सख्ख्या मुलाच्या डोळ्यांतही हल्ली एवढं पाणी दिसत नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी शैलजाकडे पाहिलं. ती खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी वहीत आकडे लिहीत होती. मन मोकळं करा, असं त्यांनी तिला हलक्या आवाजात सांगितलं. ती बघते म्हणाली.

बाराव्या दिवशी किलोला दोन ग्रॅम या प्रमाणावर चिन्मय 'सत्ते'ला पोचला आणि तिथंच त्याला झणझणलं. शैलजानं आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. तिनं एक किलो साबण किसला, त्यात दोन ग्रॅम खडे घातले आणि दहा वड्या ओतल्या. साचे म्हणून मास्तर प्लास्टिकच्या कंपासपेट्या वापरत. वर्गात एकमेकांच्या डोक्यात घालणाऱ्या मुलांकडून त्या बत्तीस वर्षांत जमा झाल्या होत्या.

चौदाव्याला चिन्मय टोपी घालून पुण्याला गेला. शैलजा वड्या घेऊन जनकाबाईंकडे गेली.

जनकाबाईंनी अंगणात केस सोडले, वडी चोळली, फेस केला आणि वाट बघत बसल्या. शैलजानं मनात पाढा म्हटला. दाहे झालं. जनकाबाईंनी डोकं धुतलं, केस पिळले, अंबाडा बांधला.

"हे तं नुसतं साबन झालं वं शैलू."

शैलजानं प्रयोग सांगितला. तीन गोळे, काटा, पाढा, चिन्मयचं डोकं. जनकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कोनाच्या डोक्यावर पाह्यलं म्हंतं? कालच्या वस्तऱ्याच्या? त्याले तं उन्हंबी झोंबन्. मास्तरचं डोस्कं तीस साल उन्हात तापेल होतं, तव्यासारखं."

हे शैलजाच्या लक्षात यायला हवं होतं. तिनं वही मिटली.

"मग ते किती घालायचे, हे कुठंच लिहिलेलं नाही."

"ते काऊन घालतीन? मीच टाको."

जनकाबाईंनी कमरेची तंबाखूची डबी काढून दाखवली. दर साली मास्तर वितळलेला साबण पातेल्यात घेऊन इथंच यायचे आणि पुडी त्यांच्यापुढे ठेवायचे. किलोला दोन झाकणं भरून, अन् वर थोडं. मग घरी जाऊन ते त्यांचा पाढा म्हणत असतील, ते त्यांचं ते जाणोत.

"वर थोडं म्हणजे किती?"

"जेवढं वाटलं तेवढं."

"त्यांनी वहीत 'नेहमीप्रमाणे' लिहिलंय."

"मी म्हनलं होतं, मास्तर, लिवून ठेवा, मी काई जलमभर राह्यत नाई. तं म्हने, जनकाबाई, हे लिवलं तं पोरायचे कापलेले सारे मार्क वापस द्या लागतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजा सगळा साबण घेऊन आली, त्या दहा वड्यांसकट. जनकाबाईंच्या चुलीवर पाणी उकळलं, त्यात पातेलं ठेवलं, साबण पिठल्याएवढा पातळ झाला. जनकाबाईंनी झाकणानं आठ वेळा खडे टाकले, पातेल्यावर वाकून वास घेतला, आणि वर थोडे टाकले. शैलजाजवळ पिशवीत काटा होता. तो तिनं बाहेर काढला नाही.

चाळीस कंपासपेट्या भरल्या. पातेल्याच्या कडेला जो साबण राहिला तो जनकाबाईंनी बोटांनी खरवडून काढला.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

शैलजानं पाटावर बसून केस सोडले. जनकाबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं आणि तिच्या टाळूवर फेस चोळला. त्यांचा हात जड होता. शैलजानं डोळे मिटून पाढा सुरू केला, मोठ्यानं, न्हाणीघरात म्हणायचा तसा. पाचेपर्यंत काहीच नव्हतं. सक्के झालं. सत्तेला टाळूवर आधी एक मुंगी चालली, मग पुष्कळ, मग सगळं डोकं गार पडलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. याबद्दल वहीत स्पष्ट सूचना होती.

पाढा मधे सोडायचा नाही असा घरात नियम होता. तिनं तो दाहेपर्यंत नेला. आठे आणि नव्वे काही नीट ऐकू आले नाहीत, असं जनकाबाईंनी नंतर सांगितलं.