शेठाणीचं कार्ड

ताईच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड सकाळी जळलं, आणि उद्या दुपारी आर्किटेक्टला त्यावर रचलेल्या इमारतीची फिल्म द्यायची होती. नाही दिली तर पुढची कामं दुसरीकडे जातील, हे त्याने फार गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचीच ताईला जास्त धास्ती. नवं कार्ड खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून ती जुनी कार्डं विकणाऱ्या शेठच्या खोलीत आली होती. सोबत धाकटी बहीण, कारण भाव पाडायचा म्हटलं की धाकटीच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

टेबलावर सहा कार्डं मांडलेली, लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत.

"गेम खेळायलाच वापरलीत, ताई. तीही फक्त रविवारी."

ताईने भिंतीकडे पाहिलं. फळ्यांच्या स्क्रूची भोकं ओळीने दिसत होती आणि छताजवळचा रंग तापून पिवळा पडला होता. "तिथे काय होतं?"

"पुस्तकं."

"फारच तापट पुस्तकं दिसतात," धाकटी म्हणाली.

शेठ ओशाळून हसला. "बरं बाबा, क्रिप्टोची नाणी काढली यांच्यावर. रात्रंदिवस चालली, खोटं कशाला बोलू? पण सगळी एकसारखी, जुळी भावंडंच. डोळे मिटून उचला."

ताईने डोळे उघडे ठेवले. शेठने पहिलं कार्ड कॉम्प्युटरच्या उघड्या सांगाड्यात जोडलं, त्यावर टेबलफॅन रोखला आणि चाचणी सुरू केली. चित्र झकास फिरू लागलं. ताईने उठून फॅन बंद केला.

"अहो, तापेल ना!"

"माझ्या घरी फॅन मला लागतो."

पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत गेला आणि चित्रावर जांभळे ठिपके उठले. दुसऱ्या कार्डाचं तेच. तिसऱ्याला तर पडदाच काळा. चित्रांची फिल्म करायचा रेंडर पुरी रात्र खाणार होता. तासाभरात कार्ड हाती आलं नाही, तर फिल्म गेलीच म्हणायची.

"ताई, अर्ध्या भावात मागू का?" धाकटी कुजबुजली.

"अर्ध्या भावात ठिपकेच मिळतील."

ती पुन्हा भिंतीकडे बघत राहिली. गरम हवा वर चढते, म्हणजे वरच्या फळीवरची कार्डं भाजून निघाली असणार. तीच घासूनपुसून टेबलावर आली होती. मग खालची कुठे गेली? चांगली वस्तू माणूस ठेवतो तरी कुठे?

आतल्या खोलीतून गाड्यांच्या शर्यतीचा आवाज येत होता.

"आत कोणतं कार्ड आहे?"

शेठचा चेहरा उतरला. "ते... घरचं आहे."

ताई सरळ आत गेली. शेठाणी पडद्यावर गाडी हाणत होती. कॉम्प्युटरचा डबा बंद, कुठे फॅन नाही, पडद्यावर एकही ठिपका नाही. ताईने डब्यावर तळहात ठेवला. कोमट.

"हात काढा हो, शेवटचा फेरा आहे!" शेठाणी ओरडली. "आणि हे विकायचं नाही. खिडकीपाशी, अगदी खालच्या फळीवर होतं. बाकीची भाजलीत, हे यांनीच सांगितलंय मला."

दारात शेठने कपाळावर हात मारला. "अगं, तू खेळ ना गपचूप!"

"जुळी ना, शेठ?" धाकटीने संधी साधली. "मग द्या बदलून. वहिनींना फरक कळणार आहे थोडाच!"

"मला चांगला कळतो," शेठाणी म्हणाली. गाडी थांबवून तिने ताईकडे पाहिलं. "तुम्ही काय खेळता यावर?"

"खेळत नाही, इमारती करते. उद्या एक द्यायचीय. नाही दिली तर परवापासून काम नाही." बोलता बोलता ताईचा आवाज चिरकला, आणि त्याचाच तिला राग आला.

 शेठाणीने कॉम्प्युटर बंद केला. "काढा हो. आणि मला नवं आणून द्या. यातलं नको."

शेठने भाव सांगितला. धाकटीने तोंड उघडलं. ताईने तिचा पाय दाबला आणि पुरते पैसे मोजून दिले. आयुष्यात पहिल्यांदाच धाकटी घासाघीस न करता उंबऱ्याबाहेर पडली, आणि दुखलं ते तिलाच.

"थोडे तरी कमी केले असते गं त्याने," जिना उतरताना ती पुटपुटली.

"शेठने केले असते," कार्ड पोटाशी धरून भराभर पायऱ्या उतरत ताई म्हणाली. "पण कार्ड त्याचं नव्हतं."