कार्डावर उतरलेले आवाज

मित्रांनो, मी तिसगावजवळच्या एका शाळेतला जुना कॉम्प्युटर आहे. पंधरा वर्षांपूर्वी मला इथे आणलं, तेव्हा माझं झाकण पुसायला मुलांत भांडणं व्हायची.

दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जात आणि कितीतरी मुलं आजीजवळ राहत. ती वर्गात बसून रडत. मग त्यांच्या शिक्षिका पंकजाबाईंनी एक युक्ती काढली. निघण्याआधी आया शाळेत येत, माझ्यासमोर बसून बोलत आणि मी ते जपून ठेवी.

आरतीची आई लंकाबाई म्हणाली होती, "आरते, शाळा बुडवू नको. केस विंचरून जात जा. आमी पाडव्याला येतो."

आरती ते रोज ऐकायची. गोरक्षची आई राहीबाई त्याला झोपताना सांगायची ती गोष्ट सांगून गेली. त्याच हंगामात ती वारली. गोरक्षने मात्र ती गोष्ट पुन्हा कधी लावली नाही.

पुढे घरोघरी मोबाईल आले. पंकजाबाईंची बदली झाली. माझी डिस्क म्हातारी झाली, सुरू व्हायला पाव तास लागू लागला. मी कोपऱ्यात गेलो. दार वाजलं की वाटे, मुलं आली.

यंदा मला भंगारात द्यायचं ठरलं आणि नेमकी आरती आली. ती आता नगरला कॉम्प्युटर दुरुस्त करते. अर्धांगवायूने लंकाबाईची वाचा गेली आहे.

"सर, याला नका देऊ," ती मुख्याध्यापकांना म्हणाली. "आईचा आवाज याच्यातच हाय."

"अगं, पण ते चालत नाही."

"डिस्क थकलीय. एक स्लॉट रिकामा हाय, त्यात कार्ड बसवते."

त्या छोट्या कार्डावर बोटाएवढी एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी वेगवान डिस्क, होती. पहिल्यांदा मला ती दिसलीच नाही. आरतीने कार्ड काढलं, स्लॉटमधली धूळ झटकली, पुन्हा घट्ट बसवलं. आता दिसली! जुनी डिस्क टकटक करत होती. तरी एकेक आवाज नव्या जागी उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी आरतीने आईला आणलं. स्वतःचे शब्द ऐकून लंकाबाईचे ओठ हलले. तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

चाळीस आवाजांपैकी एकोणचाळीस वाचले. राहीबाईची गोष्ट उतरायच्या आतच जुनी डिस्क कायमची बंद पडली.

आता त्या कार्डाच्या बळावर मी झटकन सुरू होतो, मुलंही येतात. पण गोरक्ष एक दिवस येईल आणि विचारेल. त्याला काय सांगू?

मित्रांनो, यंत्र म्हातारं झालं तर खुशाल टाका. पण आधी उघडून पाहा, आत कोणाचं माणूस बोलतंय का. आणि त्या आवाजाची दुसरी प्रत आजच काढा. मला एक दिवस उशीर झाला.