रविवारचा कागद

तुळशीदासच्या वजनाचा कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलेला होता. दार उघडं असलं की कागद भिंतीकडं तोंड करून दडायचा, आणि त्या घरात दार बहुतेक उघडंच असायचं. सात महिने तो नवरा-बायकोखेरीज कुणाला दिसला नाही.

कागद पुष्पलतानं आखला होता. ती तुळशीदासची बायको. जव्हारजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवायची. अठरा वर्षं दर महिन्याला पोरं काट्यावर घालून तिचा हात बसला होता. तारीख, वजन, सही. वजन वाढलं तर आकडा निळ्या शाईनं, घटलं तर लाल. ही तिची स्वतःची सोय होती. वही उघडल्याबरोबर कुठल्या पोराच्या घरी आधी धावायचं ते कळायचं. दर रविवारी भरायच्या नवऱ्याच्या कागदालाही तिनं तीच दोन पेनं वापरली. पहिला आकडा निळा, चौऱ्याण्णव. त्याच्या खालचे जवळजवळ सगळे लाल.

तुळशीदास मूळचा सूर्यमाळचा. बापानं दोन पोरांतलं थोरलं शाळेला दिलं आणि धाकटं शेळ्यांमागं ठेवलं. थोरला आश्रमशाळेतून शिकत शिकत जव्हारच्या एका सरकारी कचेरीत लिपिक झाला. बावीस वर्षं खुर्चीत गेली, आणि खुर्चीत गेलेल्या वर्षांचं जे होतं ते पोटावर जमलं. धाकटा लक्ष्या पावसाळ्यात नागली-भात करायचा आणि दिवाळीनंतर बायको फागीला घेऊन वीटभट्टीवर जायचा. भट्टीवर पाठ धरायची. दुकानदाराकडून दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि कामाला लागायचं, असं त्यानं चौदा वर्षं केलं. एक्केचाळिसाव्या वर्षी पायांना सूज आली तेव्हा दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं.

मग तो मंगळवार-शुक्रवार जव्हारला येऊ लागला. गाडी बदलत यायचं, दवाखान्यात चार तास मशिनीला लागायचं, रात्री दादाच्या घरी पडायचं आणि सकाळी परत जायचं. आला की आधी दादाच्या पोटावर थाप मारायचा. ही त्याची जुनी सवय. सूर्यमाळच्या पाड्यावर त्यानं हे पोट मिरवलं होतं. "आमच्या घरात कोणाला पोट नव्हतं," तो लोकांना सांगायचा. "बापाला नाय, आजाला नाय. दादाला हाय."

फागीनं किडनी द्यायची तयारी दाखवली होती. तिचं वजन अडतीस किलो आणि अंगात रक्त कमी. तिला पहिल्याच दिवशी परत पाठवलं. राहिला तुळशीदास. शिमग्याच्या आधी तो कुणाला न सांगता मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात जाऊन आला. रक्त जुळलं. पण डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. साखर काठावर, दाब काठावर, वजन चौऱ्याण्णव. एवढ्या चरबीच्या माणसाची एक किडनी काढणं त्याच्याच जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ऐंशीच्या खाली या, साखर तीन महिने सरळ ठेवा, मग पुढच्या तपासण्या लावू. औषधानं नाही. चालून, व्यायाम करून, ताट आवरून.

घरी आल्यावर त्यानं पुष्पलताकडून शब्द घेतला. लक्ष्याला यातलं काही कळू द्यायचं नाही. दोन घरं ज्याच्या पगारावर चालतात त्याला कापायला लक्ष्या तयार होणार नाही. आणि वजन उतरलंच नाही तर आशा दाखवून मोडल्यासारखं होईल.

पहिल्या दिवशी तो हनुमान पॉइंटच्या रस्त्याला लागला आणि पाव रस्त्यातच मैलाच्या दगडावर बसला. छाती भात्यासारखी हलत होती. मागून इदरीस येत होता. इदरीस बाजारपेठेतला शिंपी. जव्हारमधल्या निम्म्या कारकुनांची कंबर त्याला तोंडपाठ. त्याला स्वतःला साखरेपायी डॉक्टरनं चालायला लावलं होतं. त्या दिवसापासून दोघं बरोबर निघू लागले. इदरीसला खरं कारण दुसऱ्या आठवड्यात कळलं. त्यानंतर तो एकही दिवस चुकला नाही, आणि तुळशीदासलाही चुकू दिलं नाही. नाही निघाला तर दाराशी येऊन ओरडायचा, "साहेब, उठा. फाईल सहीला थांबलीय."

ताटातला भात अर्ध्यावर आला. साखरेचा चहा गेला. नागलीची एक भाकरी, भाजी, डाळ. दुसरी भाकरी नाही. लहानपणी ज्या भाकरीला कंटाळून तो वसतिगृहातल्या भाताची वाट बघायचा, तीच आता पुष्पलता मोजून वाढू लागली. मे महिन्यात तो हनुमान पॉइंटपर्यंत न बसता पोचला. जूननंतर जव्हारवर धुकं आणि पाऊस असा बसला की पुढचा माणूस दिसेना. तेव्हा दोघं बाजारपेठेतल्या दुकानांच्या पत्र्याखालून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारू लागले. दुकानदार विचारायचे, काय हरवलंय. इदरीस सांगायचा, ह्यांचं पोट हरवलंय, सापडलं तर देऊ नका.

दर दोन महिन्यांनी इदरीस त्याच्या विजारी कमरेत आवळून द्यायचा. उरलेलं कापड कापायचा नाही, आत दुमडून टीप मारायचा. एकदा तुळशीदासनं विचारलं तर म्हणाला, "राहू दे. माणूस परत भरतो. मग माझ्या नावानं बोंब मारतो."

लक्ष्याच्या डोळ्यांसमोरच हे सगळं चाललं होतं. पण आठवड्यातून दोनदा दिसणाऱ्या माणसाचं झिजणं लवकर ध्यानात येत नाही. आषाढात एकदा थाप मारताना त्याचा हात थबकला. त्यानं दादाकडं बघितलं. पुढच्या खेपेपासून थाप बंद झाली. मग त्यानं जेवताना दादाच्या ताटाकडं बघायला सुरुवात केली. एक भाकरी. बिनसाखरेचा चहा. भादव्यात त्यानं पुष्पलताला एकटीला गाठून विचारलं, दादाला काय झालंय. ती म्हणाली, काही नाही, असंच, वयानं होतं. शब्द दिलेला होता, दुसरं ती काय बोलणार. पण घरात कुणाला मोठं दुखणं लागलं की बाया हेच उत्तर देतात, हे लक्ष्याला माहीत होतं. फागीनंही एकदा असंच दिलं होतं.

ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. लक्ष्याची धाकटी मुलगी कमू. भट्टीवरून परत आल्यावर अंगणवाडीत तिचं वजन केलं ते उतरलेलं. पुढच्या महिन्यात आणखी उतरलं. सेविका दुसरी होती, पण कागद तसाच. तारीख, आकडा, तारीख, आकडा. लक्ष्या चौथीपर्यंत शिकला होता. अक्षरं विसरला होता, आकडे नाही. पाच आकडे तो वाचू शकला. सहावा लिहायची वेळ आली नाही. तो कागद अजून त्याच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत होता.

आश्विनातल्या एका शुक्रवारी मशिनीवरून उतरून तो दादाच्या घरी आला आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला. शेजारचं मांजर दुधाला लागलं होतं, म्हणून पुष्पलतानं दार लोटून घेतलं आणि ती पाणी भरायला मागं गेली. ती परत आली तेव्हा लक्ष्या दाराशी उभा होता. बोट एकेका आकड्याखालून खाली सरकत होतं. तिला वाटलं, विचारेल. त्यानं विचारलं नाही. रात्री जेवला नाही, पोट भरलंय म्हणाला. सकाळी निघताना, कधी नव्हे ते, वाकून दादाच्या पायाला हात लावला.

तुळशीदासला त्यात काही वावगं वाटलं नाही. काटा एक्क्याऐंशीवर आला होता. मुंबईहून तपासणीची तारीख मिळाली होती, दिवाळीनंतरचा सोमवार. आता लक्ष्याला सांगायचं, असं त्यानं आणि पुष्पलतानं त्याच रविवारी ठरवलं. मंगळवारी आला की सांगू.

मंगळवारी लक्ष्या आला नाही. जीपवाल्याबरोबर निरोप आला, नागली कापायला आलीय, शुक्रवारी येतो. शुक्रवारी पुन्हा तोच निरोप. तुळशीदास चिडला, मशिनीवाचून राहता येत नाही हे याला कितीदा सांगायचं, म्हणाला. फोन लावला, लागला नाही. सूर्यमाळला फोन लागला तर नवल. शनिवारी वर जायचं त्याच्या मनात आलं होतं. पण शनिवारी लांब चालायचा दिवस, आणि एकच किलो राहिला होता. मंगळवारी येईलच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पुढं आयुष्यभर त्याला हा शनिवार आठवणार होता.

त्या मंगळवारीही, सलग तिसऱ्या खेपेला, लक्ष्या आला नाही, तेव्हा तो बुधवारी पहिल्या गाडीनं निघाला. खोडाळ्याला उतरून जीप धरली. रस्ता संपतो तिथून पाडा अर्ध्या तासाच्या चढावर. मागच्या वर्षी त्याला ह्या चढाला चार वेळा बसावं लागलं होतं. आज तो न थांबता वर गेला.

लक्ष्या ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. आडवा झाला की दम कोंडायचा. तोंड सुजून डोळे मिटल्यासारखे. फागी शेजारी बसून होती. तिनं किती विनवलं, कशी भांडली, हे तिनं एका दमात सांगितलं आणि उठून आत गेली.

"का नाय आलास?" तुळशीदासनं विचारलं.

लक्ष्यानं थांबत थांबत सांगितलं. "तो कागद बघितला दादा. कमूचा पाचावर थांबला. तुझा लांब हाय, पण उतरतच चाललाय. माझ्या दवाखान्यापायी तू जेवत नाय. मी खातोय तुला."

तुळशीदासनं मग सगळं सांगितलं. मुंबई, ऐंशीचा आकडा, इदरीसबरोबरच्या फेऱ्या, दिवाळीनंतरचा सोमवार. लक्ष्यानं भिंतीला टेकलेली मान वर केली.

"मंग सांगितलं का नाय?"

"तू नाय म्हणाला असतास."

लक्ष्यानं थोडा विचार केला. "हां," तो म्हणाला. "नाय म्हणलो असतो."

डोली बांधायला वेळ गेला असता. तुळशीदासनं भावाला पाठीवर घेतलं. शेजारचा सोम्या मागून आधार देत होता, मधे मधे माझ्याकडं द्या म्हणत होता. तुळशीदासनं दिलं नाही. दगडधोंड्यांचा उतार तो एका चालीनं उतरत गेला, गुडघे हलले नाहीत, श्वास चढला नाही. खाली जीप दिसू लागली तेव्हा लक्ष्या त्याच्या कानाशी म्हणाला, "दादा, तू दमत नाय." आवाजात नवल होतं, आणि थोडी जुनी मिजासही, पोटावर थाप मारताना असायची तशी.

जीप मोखाडा ओलांडून जव्हारच्या रस्त्याला लागली तेव्हा त्यानं दादाचा हात सोडला.

दहाव्याला सूर्यमाळला माणसं जमली. दूरच्या पाड्यांवरची, खोडाळ्याची. तुळशीदासला त्यांतल्या अनेकांनी वर्षभर बघितलं नव्हतं. पाड्यावरचा म्हातारा सावळा त्याला जवळ घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, भाऊ गेला तर दहा दिवसांत बघा माणूस कसा सुकला. बाया मान हलवत होत्या. रामाच्या मागं लक्ष्मण, अशी जोडी आता कुठं बघायला मिळणार, कुणीतरी म्हणालं. पुष्पलता काही सांगायला तोंड उघडणार होती. तुळशीदासनं तिच्याकडं बघितलं, तशी ती गप्प बसली.

इदरीसही आला होता. तो आयुष्यात पहिल्यांदा हा चढ चढला होता. जाताना त्यानं विचारलं, उद्यापासून येणार का चालायला. साखर परत काठावर यायला वेळ लागत नाही, विसरू नका, म्हणाला. तुळशीदास म्हणाला, बघू. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "विजारीतलं कापड कापून टाक आता."

इदरीसनं मान हलवली. "ते राहू दे," तो म्हणाला.

माणसं पांगली. फागीनं घरच्यांना वाढलं. तुळशीदासच्या ताटात एक भाकरी घातली आणि तिथंच उभी राहिली. तिला आता सगळं ठाऊक होतं. पेटीतला कमूचा कागद तिनं त्या दिवशी सकाळीच चुलीत घातला होता. तुळशीदासची भाकरी संपली. तिनं दुसरी पुढं केली. सात महिने ह्या दुसऱ्या भाकरीवर त्याचा हात आडवा येत होता, विचार न करता, आपोआप. आताही हात उठला.

"घ्या दादा," फागी म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला, आणि भाकरी मोडून खाऊ लागला.