हाताला घट्ट लागणारा ब्रेक

“हात गेलेल्या बाईला झेपेल असा एखादा ब्रेक आहे का तुमच्याकडे, भावजी?”

सायकलच्या दुकानात शिरता शिरताच बाईंनी हे विचारलं, आणि तेही पेशंटला ताप आहे का विचारावं तशा आवाजात. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. दुकान त्यांचंच.

“वहिनी, असं काय बोलता?”

“खरं तेच बोलते. गावभर झालंय, तुम्हाला काय नवीन आहे?”

नवीन नव्हतंच. बाई दवाखान्यातल्या नर्स. रोज सकाळी कॅरिअरला पिशवी लावायची आणि टेकडीवरच्या वस्तीत घरोघर जायचं. कोणाची जखम धुवायची, कोणाला इंजेक्शन द्यायचं, कोणाची नुसती चौकशी करायची. ही फेरी त्यांनी इतकी वर्षं केली होती की वस्तीतल्या कुत्र्यांनीही त्यांच्यावर भुंकायचं सोडलं होतं. मग पाण्याच्या पाइपसाठी टेकडीचा रस्ता खणला, वर खडी पसरली आणि कंत्राटदार जो गेला तो गेलाच. बारीक टायर खडीवरून घसरू लागले तेव्हा भावजींनी रुंद टायर घालून दिले. रुंद टायरवरून जुना ब्रेक खाली रिमपर्यंत पोचेना, म्हणून तसलाच पण लांब हातांचा ब्रेक बसवला. आणि वहिनींसाठी खास म्हणून हँडलवर ब्रेक दाबायच्या चकचकीत नव्या लिव्हर, त्याही न मागता.

त्या दुकानात ब्रेक पारखायची एकच रीत होती. सायकल जागेवर उभी ठेवायची आणि लिव्हर दाबायची. दगडासारखी घट्ट लागली, की ब्रेक फर्स्टक्लास. नव्या लिव्हर तर दगडालाही लाजवतील इतक्या घट्ट. बाईंनी दाबून पाहिल्या, मान डोलावली, भावजी खूश झाले.

थोड्याच दिवसांत बाई उतारावरून येताना दोन्ही लिव्हर जिवाच्या आकांताने दाबत औषधवाल्याच्या कुंड्यांवर जाऊन आदळल्या. गुडघा फुटला, सुयांची पाकिटं रस्ताभर पसरली, आणि औषधाच्या दुकानातून बाहेर येणारे एक गृहस्थ आल्या पावली पुन्हा आत पळाले. भावजींनी ब्रेक तपासला. तो घट्टच होता. ब्रेक चांगला, तर मग वाईट काय? हात.

हे सुरुवातीला कोणी तोंडावर म्हणालं नाही, पण सगळे तसंच धरून चालले. मग लेक म्हणाली, “आई, पुरे झालं आता. वयानं हातातला जोर जातोच, त्यात लाजायचं काय?” दवाखान्यातल्या मोठ्या बाई, मेट्रन, म्हणाल्या, “उद्या इंजेक्शन देताना हात चुकला तर? तुमच्या काळजीपोटीच सांगते.” बाईंनाही मग शंका यायला लागली. सकाळी ओला टॉवेल पिळायचा आणि किती पाणी निघतंय ते बघत राहायचं, असा त्यांना नाद लागला. पाणी कधी जास्त निघायचं, कधी कमी. कमी निघालेलं तेवढं लक्षात राहायचं. शेवटी त्यांनी आपणहून फेरी सोडली आणि दवाखान्यातलं बाळांची वजनं करायचं टेबल घेतलं. कोणी काढून घेण्याआधी आपण सोडलेलं बरं, एवढाच त्यांचा विचार होता. रात्री मात्र त्या उशीत तोंड खुपसून रडल्या.

आता सायकल फक्त घर ते दवाखाना एवढ्यापुरतीच होती. तीही सुटू नये म्हणून त्या दुकानात आल्या होत्या.

भावजींनी फळीवरचे ब्रेक काढून बाकावर मांडले.

“हा आहे तसाच, थोडा जाड. पण याचे हात तुमच्या टायरवरून खाली येईपर्यंत इतके लांब होतात की जोरात दाबलं की ते स्वतःच वाकतात. आणि हा उभा ब्रेक. दोन हात चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर येतात, टायर कितीही रुंद असो, त्याला आडवा येत नाही. फक्त याच्यासाठी फ्रेमला खुंट्या वेल्ड कराव्या लागतील.”

“तुम्ही कुठला लावाल?”

“मला विचाराल तर उभा. पण लिव्हर जरा मऊ लागते याची, गिऱ्हाइकं नको म्हणतात. फळीवर पडून आहे.”

“माझ्यासारखाच. लावा तोच.”

खुंट्या लागल्या, रंगाचा हात फिरला, ब्रेक बसला. बाई सायकल घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी सवयीने लिव्हर दाबली आणि तोंड वाकडं केलं.

“भावजी, हे काय? हा तर मेणासारखा दबतोय.”

“लिव्हर तीच आहे हो तुमची. ब्रेकच तसा. मलाही पटत नाहीये. जपून जा, पाय टेकवत जा.”

बाई दुकानासमोरच्या चढावर सायकल ढकलत गेल्या आणि वरून निघाल्या. अर्ध्यावर त्यांनी भीत भीत दोन बोटांनी लिव्हर ओढली. सायकल जागच्या जागी थांबली. त्यांना खरं वाटेना. पुन्हा वर गेल्या, जास्त वेगात आल्या, पुन्हा दोनच बोटं. पुन्हा तेच. चौथ्यांदा खाली आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि त्या हसत होत्या.

भावजी मात्र हसत नव्हते. ते बाकावर पडलेल्या जुन्या ब्रेककडे बघत होते. त्यांनी सामान पुरवणाऱ्या माणसाला फोन लावला, बराच वेळ नुसतं “हं, हं” केलं आणि फोन ठेवला.

“वहिनी, बसा जरा.”

“बोला की. उभ्यानं ऐकू येतं मला.”

“त्या नव्या लिव्हर या उभ्या ब्रेकसाठीच असतात. वायर जास्त ओढतात, पण जोर कमी लावतात. मी त्या तुमच्या जुन्या, वरून येणाऱ्या ब्रेकला लावल्या. तसं केलं की हाताला दगड लागतो, आणि रबर रिमवर नुसतं टेकतं. पैलवान बसवला असता तरी सायकल थांबली नसती.” ते खाली बघत म्हणाले, “तुमच्या हातांना काही झालं नव्हतं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशी देणाऱ्यांत बाई स्वतः सगळ्यांत पुढे होत्या. त्यांना मनापासून राग आला. पण समोर आपलेच दात आणि आपलेच ओठ. भावजींनी त्या लिव्हर मायेनंच लावल्या होत्या, हेही दिसत होतं.

“आता मेट्रनला सांगते,” एवढंच म्हणून त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्या उघडल्या त्या मेट्रनच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. मेट्रननी मध्ये तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्हाला फेरी परत हवी असेल तर तुमचा हक्क पहिला. मी नाही म्हणणार नाही. पण तुमच्या जागी आलेल्या त्या नव्या नर्सची नेमणूकच फेरीसाठी झालीय. फेरी गेली तर तिला दुसरीकडे कुठे बसवायला माझ्याकडे जागा नाही. घरी पाठवावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं करते.”

“तिला ठाऊक आहे हे?”

“नाही.”

“विचार करून सांगते,” असं म्हणायला बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की विचार करून झालेला आहे. हे त्यांना आवडलं नाही. तरी त्या म्हणाल्या, “राहू दे. तिलाच राहू दे.”

बाहेर नवी नर्स पिशवी भरत होती. पंचविशीची असेल नसेल. बाईंना बघून तिने घाईघाईने हात पुसले.

“ताई, एक विचारू? वस्तीतले ते शेवटच्या घरातले आजोबा, पायाला हातच लावू देत नाहीत. दारातूनच बरंय म्हणतात आणि मला परत पाठवतात. तुम्हाला ते पाय कसे काय दाखवायचे?”

ही गोष्ट बाईंनी आजवर कोणाला सांगितली नव्हती. कोणी विचारलीच नव्हती.

“पायाचं नावच काढायचं नाही. तहान लागलीय म्हणायचं. तुझ्यासाठी पाणी आणायला ते स्वतः उठतात. जाताना बघायचं, कुठला पाय टेकवत नाहीत. पाणी सगळं प्यायचं. मग म्हणायचं, बसा आता, तुमची पाळी.”

“मग दाखवतात?”

“मग स्वतःच पाय पुढे करतात.”

नव्या नर्सने ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं, पिशवी उचलली आणि गेली.

वजनाच्या टेबलापुढे बायकांची रांग लागली होती. बाईंनी पहिलं बाळ घेतलं आणि काट्याच्या ताटलीत ठेवलं. ते हातपाय झाडत होतं. बाईंनी हात काढून घेतले, पण लांब नेले नाहीत. ताटलीच्या दोन्ही बाजूंना, बाळाला न लागतील असे, तसेच धरून ठेवले. बाळ शांत झालं, काटा थांबला. आईने वजन विचारलं. बाईंनी सांगितलं. हात जराही हलत नव्हते.